पन्नासपैकी नऊ

"कुंकू नक्की कुठे लावायचं ते सांग," सासूबाई म्हणाल्या.

खंडेनवमीची सकाळ होती. पाटावर विळी, अडकित्ता, माझ्या नवऱ्याचे, अविनाशचे पाने-पक्कड आणि सासूबाईंची वह्या तपासायची लाल पेनं मांडून पूजा झाली होती. आता हळदकुंकवाचा करंडा घेऊन त्या हॉलच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर उभ्या होत्या.

"खालच्या डब्यावर लावा, आई. सीपीयूवर. खरा कॉम्प्युटर तोच."

"आणि हा वरचा?"

"तो मॉनिटर. तो नुसता दाखवायचं काम करतो."

त्यांनी वाकून टेबलाखालच्या डब्याकडे पाहिलं. डब्याचं रूप त्यांना पसंत पडलेलं दिसलं नाही.

"देवाला कुंकू कपाळाला लावतात, पोटाला नाही," असं म्हणून त्यांनी मॉनिटरच्या काचेवर मधोमध बोट टेकवलं. वर झेंडूचं फूल ठेवलं आणि मी 'नको, नको' म्हणेपर्यंत कीबोर्डवर चिमूटभर अक्षता टाकल्या.

तो सणाचा दिवस मी कीबोर्ड उलटा करून आपटण्यात आणि हेअरपिनने बटणांच्या फटीतले तांदूळ उकरण्यात घालवला. सासूबाई मधूनमधून येऊन बघायच्या. "निघाले का?" असं विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरात जायच्या. तिथे दुसऱ्या दिवशीच्या दसऱ्यासाठी पुरण शिजत होतं. पुरणाच्या वासाने तर मी आणखीच चिडले. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मला अजून पुरणपोळी येत नव्हती. दर सणाला मी लाटणं हातात घ्यायचे आणि दर सणाला दुसऱ्या मिनिटाला "दे इकडे, फाटेल" असं होऊन ते माझ्या हातून जायचं.

पण रागाचं खरं कारण ते नव्हतं. खरं कारण पन्नासपैकी नऊ हे होतं.

ही वीस वर्षांपूर्वीची, फलटणमधली गोष्ट. माझ्या सासूबाई म्हणजे शाळा नंबर तीनच्या शेंडेबाई. त्याच शाळेत त्यांचं तिसावं वर्ष चाललं होतं. या काळात मुख्याध्यापकाची जागा तीनदा रिकामी झाली. तिन्ही वेळा तात्पुरता कारभार बाईंनी बघितला आणि तिन्ही वेळा बाहेरून कोणीतरी बदली होऊन आलं. "खुर्ची पुसायला मी, बसायला दुसरे," असं त्या एकदाच म्हणाल्या होत्या, तेही भाजी निवडताना. चौथ्यांदा मात्र यादीत त्यांचं नाव पहिलं होतं. अट एकच होती, सरकारी कॉम्प्युटर परीक्षा डिसेंबरपर्यंत पास व्हायची. नाहीतर दुसऱ्या नावाला, म्हणजे त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान असलेल्या भोईटे सरांना ती जागा मिळणार होती. भोईटे सर पहिल्याच फटक्यात पास झाले होते.

आणि शेंडेबाईंना जूनमध्ये पन्नासपैकी नऊ मार्क पडले होते.

त्यांना शिकवलं होतं कोणी, तर मी! मी, जी गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये रोज चार बॅचेस घेत होते, जिच्या हाताखालून सोसायटीचे क्लार्क, नर्सबाया, दहावी नापास पोरं, सगळी पास होऊन जात होती. सासूबाई क्लासला यायला तयार नव्हत्या, कारण तिथे त्यांचे जुने विद्यार्थी भेटले असते. म्हणून मी क्लासमधून दमून यायचे, कॉम्प्युटर चालू करायचे, प्रोग्रॅम उघडून ठेवायचे आणि मग "या, आई" म्हणून हाक मारायचे. एवढं सगळं हातात आणून दिलं तरी नऊ! क्लासमधल्या मैत्रिणींना मी हे हसत हसत सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी, असंही म्हणाले होते. लाज वाटते, पण म्हणाले होते.

दसरा झाला आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"हार्डवेअर म्हणजे ज्याला हात लावता येतो ते," मी सांगितलं. "सॉफ्टवेअर म्हणजे ज्याला हात लावता येत नाही, पण जे काम करवून घेतं ते."

त्या पोळ्या करत होत्या. "म्हणजे पोळपाट हार्डवेअर."

"बरोबर."

"आणि कणीक सॉफ्टवेअर. मऊ आहे."

"नाही हो आई! मऊ असण्याचा काय संबंध? कणकेला हात लागतो ना? ती पण हार्डवेअर. पोळी कशी करायची ही जी कृती असते, ती सॉफ्टवेअर."

"कृती माझ्या डोक्यात आहे."

"असू दे."

"मग माझं डोकं काय?"

"हार्डवेअर," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की अविनाश ताट उचलून हॉलमध्ये जेवायला गेला.

खरं सांगायचं तर शब्द त्यांना पाठ होते. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितले असते. कीबोर्ड, माउस, स्कॅनर इनपुट. मॉनिटर, प्रिंटर, स्पीकर आउटपुट. रॅम तात्पुरती, हार्ड डिस्क कायमची. वहीत तांबड्या रेघा मारून त्यांनी तक्ते केले होते. माझं डोकं उठायचं ते त्या खुर्चीत बसल्यावर. डबल क्लिक म्हणजे त्या एकदा दाबायच्या, श्वास घ्यायच्या आणि मग दुसऱ्यांदा दाबायच्या. माउस टेबलाच्या कडेपर्यंत गेला की तो उचलून मध्ये आणायचा हे त्यांना सुचायचंच नाही. त्या हात लांब करत करत स्वतःच खुर्चीवरून वाकायच्या. आणि बाण कुठे गेला हे कळलं नाही की वळून माझं तोंड बघत बसायच्या.

"माझ्याकडे काय बघता? स्क्रीनकडे बघा!" हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणत असेन. पुढचं वाक्यही ठरलेलं होतं. "द्या इकडे, मी दाखवते."

एकदा सासूबाई डबा विसरल्या म्हणून मी तो शाळेत नेऊन दिला होता, तेव्हा खिडकीतून बाईंचा वर्ग बघितला होता. पहिलीची मुलं खाली मान घालून पाटीवर लिहीत होती आणि बाई दोन्ही हात पाठीमागे बांधून, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून रांगांमधून फिरत होत्या. एखाद्या मुलामागे थांबायच्या, बघायच्या आणि पुढे जायच्या. ना पाटीला हात, ना पोराच्या डोक्याला. घरी येऊन मी अविनाशला म्हणाले होते, "तुझी आई शाळेत जेलरसारखी चालते." तो हसला होता. मीही हसले होते.

परीक्षेला तीन आठवडे उरले तेव्हा ठिणगी पडली.

त्या दिवशी क्लासमध्ये दोन मशीनं बंद पडली होती आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. घरी येऊन कॉम्प्युटर चालू केला, हाक मारली. सोपं काम होतं. एक फोल्डर करायचं, त्याला नाव द्यायचं, त्यात एक पत्र सेव्ह करायचं. सासूबाईंचा बाण फोल्डरच्या भोवती भोवती फिरत होता, पण फोल्डरवर जात नव्हता. एक मिनिट गेलं. दोन गेली.

"आई, तिथेच आहे. डावीकडे. डावीकडे! अहो, ते नाही."

"थांब जरा."

"किती थांबू? परीक्षेत कोण थांबणार आहे? द्या इकडे."

मी त्यांच्या हाताखालून माउस ओढला. खाट, खाट, खाट. फोल्डर झालं, नाव झालं, पत्र सेव्ह झालं. "हे एवढंच!"

सासूबाईंचा हात टेबलावर होता तिथेच, माउस धरल्यासारखा राहिला होता. त्यांनी तो हळूच मांडीवर घेतला.

"जूनमध्ये काय झालं होतं, सांगू तुला?" त्या म्हणाल्या.

"माहितीये मला. नऊ मार्क."

"मार्क माहितीयेत. झालं काय ते माहीत नाही." त्या माझ्याकडे नाही, स्क्रीनकडे बघत बोलत होत्या. "मी जाऊन बसले, तर माझ्या समोरचा काळा. बाकीच्यांचे पडदे निळे, त्यावर प्रश्न आलेले. माझा काळा. मला वाटलं, येईल थोड्या वेळानं. तू चालू करतेस तेव्हा येतो ना आपोआप. मी बसून राहिले."

"मग सुपरवायझरला सांगायचं ना!"

"कोणाला सांगू? समोर फिरत होता तो पवारांचा प्रसाद. चौथीला होता माझ्याकडे. शेजारच्या रांगेत माझ्या दोन विद्यार्थिनी. त्यांच्यासमोर हात वर करून म्हणू, की शेंडेबाईंना यंत्र सुरू करता येत नाही? त्या काळ्या काचेत मला माझंच तोंड दिसत होतं. पाऊण तास मी ते बघत बसले."

माउस अजून माझ्याच मुठीत होता. मी तो सोडला.

"शेवटी प्रसादच आला. वाकून म्हणाला, 'बाई, मॉनिटर बंद आहे.' एक बटण दाबलं त्यानं. लागला की पडदा! कोणीतरी पुसताना बंद केला असेल. बारा मिनिटं उरली होती." त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "मॉनिटर म्हणजे काय हे मला पाठ होतं, हेमांगी. आउटपुट डिव्हाइस. पण त्याला स्वतःचं बटण असतं हे मला माहीत नव्हतं. कारण ते रोज तू दाबायचीस."

"आई..."

"बारा मिनिटांत नऊ प्रश्न झाले. नऊच सोडवले." त्यांचा आवाज आता बाईंचा झाला होता. "नऊच्या नऊ बरोबर."

त्या उठल्या आणि कुकर लावायला गेल्या. मी तिथेच बसून राहिले. पाच महिने त्या नऊ मार्कांवर मी गावभर हसत होते आणि या बाईने चकार शब्द काढला नव्हता. मला स्वतःची शरम वाटली, आणि खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला. आधी सांगायला काय झालं होतं? पण आधी कधी मी ऐकून घेतलं असतं का, हाही प्रश्नच होता.

दुसऱ्या दिवशी मी क्लासमधून आले, तर कॉम्प्युटर बंद होता आणि त्याच्या मागच्या सगळ्या वायरी उपसून जमिनीवर पडल्या होत्या. मध्ये मांडी घालून सासूबाई.

"अहो आई, हे काय केलंत!"

"काढलंय ते लावायला शिकायचंय. तू माझ्या मागे उभी राहा. तोंडानं सांग. हात मागे बांध."

"हात कशाला?"

"मोकळे राहिले की ते दुसऱ्याच्या हातातलं घेतात." त्या जांभळा प्लग हातात फिरवत म्हणाल्या, "माझी नोकरीची पहिली वर्षं होती. सुरेखा नावाची मुलगी होती वर्गात. तिचं अक्षर वाकडं यायचं. मला बघवायचं नाही. मी रोज तिच्या हातातली पेन्सिल घ्यायची आणि लिहून दाखवायची. वर्षाच्या शेवटी साहेब तपासणीला आले. वही बघून खूश झाले. तिला म्हणाले, फळ्यावर नाव लिही. तिला नाव लिहिता येईना. सगळी वही माझ्या अक्षरात होती. त्या दिवसापासून मी वर्गात हात मागे बांधते."

जेलर! माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मी हात मागे बांधले. पुढचे वीस दिवस माझी जी परीक्षा झाली, तिच्यापुढे सरकारची परीक्षा काहीच नव्हती. जांभळा प्लग कीबोर्डचा, हिरवा माउसचा. सासूबाईंनी जांभळा आधी उलटा घुसवायचा प्रयत्न केला आणि त्याची एक बारीक पिन वाकवली. "वाकली," त्या शांतपणे म्हणाल्या आणि तांदूळ काढायला मी वापरली होती तीच हेअरपिन घेऊन ती सरळ करत बसल्या. अर्धा तास! मी मागे उभी राहून दात आवळत होते. एक फोल्डर करायला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते. हात सुटायला लागले की मी एका हाताने दुसरं मनगट धरायचे, आणि तेव्हा कळलं की मनगट का धरायचं असतं. चौथ्या दिवशी त्यांनी माउस उचलून मध्ये आणला. कोणी सांगितलं नव्हतं. डबल क्लिकमधला श्वास आठव्या दिवशी गेला.

"जमलं," त्या म्हणाल्या.

"जमलं," मी म्हणाले. माझ्या पाठीत उसण भरली होती.

परीक्षेच्या दिवशी मी त्यांना स्कूटीवरून सेंटरवर सोडलं आणि बाहेर खिडकीजवळ थांबले. त्या वेळी लोडशेडिंगचा सुळसुळाट होता. अर्धा तास झाला आणि व्हायचं तेच झालं. सगळा हॉल अंधारला. बाया-माणसांचा एकच गलका. सुपरवायझर ओरडला, "सगळी बटणं बंद करा, जनरेटर सुरू होताना झटका बसतो!" मी खिडकीचे गज धरले. म्हटलं, झालं, पुन्हा काळा पडदा.

जनरेटर धडधडला. दिवे लागले, पंखे लागले, पण मशीनं बंदच. "परीक्षा जिथे थांबली तिथून पुढे सुरू होईल," सुपरवायझर सांगत होता. "बसून राहा, मी एकेकाचं चालू करून देतो." तीस मशीनं आणि तो एकटा. माणसं हात मांडीवर ठेवून बसली होती.

तिसऱ्या रांगेत सासूबाई वाकल्या. डब्याचं बटण दाबलं. मग वर मॉनिटरचं. पडदा उजळला. शेजारची नर्सबाई रडकुंडीला येऊन त्यांच्याकडे बघत होती. सासूबाई खुर्चीतून उठल्या, तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"खाली डबा आहे बघ," खिडकीपर्यंत आवाज आला. "त्यावरचं मोठं बटण. हां. आता वर, उजव्या कोपऱ्यात. माझ्याकडे नको बघू. तुझं तू दाब."

सुपरवायझरने "बाई, जागेवर बसा" म्हटल्यावरच त्या परत आल्या.

पन्नासपैकी एक्केचाळीस. जानेवारीत शाळा नंबर तीनच्या फळ्यावर मुख्याध्यापिका म्हणून प्रमिला शेंडे हे नाव लिहिलं गेलं. ते त्यांनी स्वतःच लिहिलं. भोईटे सरांनी पेढे वाटले. माणूस चांगला होता.

मार्चमध्ये होळी आली. सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर पुरण वाटून तयार होतं, कणीक तेलात मळून झाकलेली होती आणि सासूबाई ओट्यापासून दोन पावलं मागे उभ्या होत्या. पोळपाटावर लाटणं आडवं ठेवलेलं होतं.

"लाट," त्या म्हणाल्या.

"मी? आई, फाटेल."

"फाटू दे."

पहिली पोळी पोळपाटालाच चिकटली आणि उचलताना तिची दोन शकलं झाली. दुसरी तव्यापर्यंत गेली, पण तिथे तिचं पोट फुटलं. पुरण तव्यावर पडून करपलं आणि घरभर गुळाचा धूर झाला. मागून एक लांब श्वास ऐकू आला. शब्द नाही. तिसरी मी पिठीवर घोळून घेतली, कडेकडेने लाटली. मधे ती पातळ होऊन पुरण दिसायला लागलं आणि मला वाटलं, आता येतील, आता लाटणं जाणार. मी मागे वळून पाहिलं.

सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या. दोन्ही हात पाठीमागे होते. मनगट इतकं घट्ट धरलं होतं की हिरव्या बांगड्या कातडीत रुतल्या होत्या, आणि ओठ आवळून त्या पोळीकडे नाही, छताकडे बघत होत्या. मी वळल्याचं त्यांना कळलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "तव्याकडे बघ."